रुमालाची दुहेरी घडी

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. मागच्या आठवड्यात मी फोनवर तब्येत विचारली तर तुम्ही मला टपालाची वेळ सांगितलीत, तेव्हा आपलं हे कागदावरचं बोलणंच बरं. चाळीस वर्षं ग्राइंडरच्या आवाजात काढलेल्या कानांना आणखी कशाला छळायचं? आणि खरं सांगू का, पत्रात तुम्ही जितके खट्याळ असता तितके समोरासमोर कधीच नव्हतात.

आई सांगत होती की शेजारच्या मास्तरांनी मुलगी सरकारात नक्की काय करते असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात की ती धूळ मोजते. अहो बाबा, औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ असं चांगलं भारदस्त नाव आहे माझ्या पदाला! कामाच्या जागी माणसाच्या नाकातोंडात काय जातं, कानांवर काय आदळतं ते मोजायचं, आणि किती चालेल नि किती नाही याचे नियम लिहायचे. पण जाऊ दे. सध्या तरी मी धूळच मोजतेय, आणि तिनेच माझ्या नाकी नऊ आणलेत.

त्याचं असं झालंय. दगड कापणाऱ्या कारखान्यांसाठी नवा नियम तयार होतोय. चकतीवर पाणी सोडल्याशिवाय दगड कापायचा नाही, आणि उडेल ती भुकटी ओढून घेणारा पंखा बसवायचा. मोठ्या कारखान्यांना तो लागू होणारच. भांडण आहे ते लहान कारखान्यांवरून. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे गेली बावीस वर्षं सूट आहे. म्हणजे तुमचा जुना कारखाना, जिथे आता दादा आहे, तो सुटला. तुमची अख्खी गल्लीच सुटली.

ही सूट उभी आहे एका जुन्या अहवालावर. बावीस वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या अकरा लहान कारखान्यांत धूळ मोजली होती आणि ती मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरली होती. मी यंदा दुसरीकडच्या तीन लहान कारखान्यांत मोजली, तर ती सहापट! मालकांच्या संघटनेचे वकील म्हणाले की अकरा मोठे की तीन? आमच्या मोठ्या बाई, म्हणजे खात्याच्या प्रमुख, त्यांनीही तिथे हात टेकले. अहवाल लिहिणारे गृहस्थ आता हा नियम ठरवणाऱ्या समितीवरच आहेत, सगळे त्यांना थोरले साहेब म्हणतात. माणूस सज्जन आणि आकड्यांना इतका पक्का की कुठे बोट ठेवायला जागा नाही. सुनावणी एकवीस मार्चला आहे. त्या दिवशी सूट कायम झाली तर पुढची दहा वर्षं ती फाईल कुणी उघडणार नाही.

दादाचा खोकला कसा आहे? छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले की अजून वेळ गेलेली नाही, पण याच धुळीत राहिला तर जाईल. हे तो तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी चहाडी करतेय. एक विचारायचं होतं. त्या काळी तुम्ही पाणी मारून कापत होता का? नाहीतर एवढी कमी धूळ कशी भरली, माझं तर डोकंच चालत नाही.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

तुमची
फूटपट्टी

*

११ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

तू सात वर्षांची असताना मांजराची शेपटी मोजायला गेलीस आणि ओरबाडून घेऊन आलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी पुढे सरकारात जाणार. तुझ्या पदाचं लांबलचक नाव मी मास्तरांना परवा नीट सांगितलं. ते म्हणाले की म्हणजे धूळच मोजते ना? मी म्हटलं, हो.

आता तुझा प्रश्न. पाणी? कुठलं पाणी घेऊन बसलीस! नळाला प्यायला येईल तेवढंच. काळा दगड सुकाच कापायचा. कारखान्यात इतका धुरळा असायचा की समोरचा माणूस दिसायचा नाही, कोण कसा ठसकतो त्यावरून ओळखायचं. शेजारच्या कारखान्यातला मुकादम, आपला पैलवान, त्याचा ठसका तर रस्त्यावर ऐकू जायचा.

पण ते मोजणीवाले साहेब मला चांगले आठवतात हं. अगं, त्यांचं यंत्र मी स्वतः अंगावर घातलंय! तुला कधी सांगितलं नाही का? कमरेच्या पट्ट्याला मुठीएवढा पंप, त्यातून नळी पाठीवरून कॉलरपर्यंत, तिथे एक छोटी डबी आणि डबीत पांढराशुभ्र गोल कागद. सकाळी साहेबांनी ते मला लावलं आणि अगदी हात जोडून म्हणाले की मुकादम, नाजूक वस्तू आहे, जपा. आणि गेले बिचारे दुसऱ्या कारखान्यात.

आता मला कुणी जपा म्हणावं आणि मी जपू नये, असं कधी झालंय? त्या धुरळ्यात तो पांढरा कागद दहा मिनिटंही टिकला नसता. मी माझा रुमाल काढला, त्याची दुहेरी घडी केली, डबीभोवती गुंडाळली, वरून दोरा आवळला आणि डबी शर्टाच्या आत सारली. संध्याकाळी साहेब यायच्या आधी रुमाल सोडून, डबी पुसून, परत कॉलरला जशीच्या तशी. परक्याचं हत्यार घेतलं तसं परत करायचं, ही आमची रीत. साहेबांनी डबी बघितली तर कागद दुधासारखा! म्हणाले की मुकादम, तुमचा कारखाना फार स्वच्छ हो. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! आठ दिवस तुझ्या आईला तेच ऐकवत होतो, शेवटी तिने जेवण वाढायचं बंद करीन म्हणून दम दिला.

आणि मी एकटाच नव्हे. गल्लीतले अकरा मुकादम आम्ही चहाला एकत्र बसायचो. त्या सगळ्यांना ही घडी मीच शिकवली. पैलवानाने तर त्यासाठी कोरा रुमाल आणला होता. तेव्हा तुझ्या थोरल्या साहेबांना सांग, इतकं जपून त्यांचं यंत्र दुसऱ्या कुठल्या गल्लीने वापरलं नसेल.

आपल्या थोरल्याचा, तुझ्या दादाचा, खोकला तसाच आहे. चहाडी केलीस ते बरं केलंस. मी त्याला काही बोललो नाही, पण बघून आहे. तब्येतीला जप, आणि या बहिऱ्या बापाला पत्रांचा उपास घडवू नकोस.

तुझा
बाबा

*

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ऑफिसात वाचत होते. खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं की घरी सगळं ठीक ना?

बाबा, तो कागद मळण्यासाठीच होता! पंप दिवसभर हवा ओढत राहतो. तुमच्या नाकासमोर जी धूळ असते तीच त्या कागदावर बसायला हवी. संध्याकाळी कागदाचं वजन करायचं, जितकं वाढलं तितकी धूळ तुमच्या नाकासमोर होती असं धरायचं. कागद दुधासारखा राहिला, म्हणून थोरल्या साहेबांनी लिहिलं की या कारखान्यांत धूळ नाही. डबीला रुमाल होता, पण तुमच्या नाकाला नव्हता.

आणि अकराच्या अकरा! मी महिनाभर त्या अहवालात चूक शोधतेय आणि ती तुमच्या खिशात निघाली. सूट उभी आहे ती तुमच्या रुमालावर, बाबा! हे समितीपुढे आलं तर सूट एका दिवसात जाईल. तुम्ही याल का सांगायला? येतोच म्हणा. मी आजच मोठ्या बाईंच्या कानावर घालते. साक्षीदार माझे वडील आहेत हेही त्यांना सांगावं लागेल.

घाईत लिहितेय, टपाल निघायची वेळ झालीय. उत्तर परतटपाली पाठवा, आणि तोवर मला विसरू नका.

तुमची
फूटपट्टी

*

२२ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. तरी लिहितोय, यावरून काय ते समज.

तुझं पत्र आल्यापासून बाबा बोलत नाहीत. जेवायला बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. परवा कपाट उघडून आपले सगळे रुमाल बाहेर काढले, पलंगावर मांडले आणि त्यांच्यासमोर बसून राहिले. आईने विचारलं की हे काय चाललंय? तर म्हणाले की पैलवानाने कोरा आणला होता. बस, तेवढंच. पैलवान शेवटचं वर्षभर उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा, आडवं झालं की दम लागायचा, हे तुला आठवत असेल. त्याच्या घरी बाबा रोज जायचे. आता ते बोटांवर काहीतरी मोजत असतात. काल मी जवळ जाऊन ऐकलं, तर त्या अकरा मुकादमांपैकी कोण आहे आणि कोण नाही ते मोजत होते.

तू काय लिहिलंस त्यात चूक असं मी म्हणत नाही. पण अगं, किती आनंदाने लिहिलंस! तुला तुझी चूक सापडली, आणि त्यांना त्यांची. इतकी हुशार पोरगी तू, एवढं कसं कळलं नाही?

आणि त्यांना त्या वकिलासमोर उभं करायचं मनातून काढून टाक. धड ऐकू येत नाही, लोक हसतील. माझ्या खोकल्यापायी म्हाताऱ्याची शोभा नको. खोकला आहे तसाच आहे, माझं मी बघीन.

रागावलोय, पण तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, हे लक्षात ठेव.

तुझा
दादा

*

२६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. मला माझीच लाज वाटली. तुमच्या पत्रात मला रुमाल दिसला आणि तुम्ही दिसलाच नाहीत. माफ करा.

काल मी आमच्या खात्याचं सूचनापत्रक काढून बघितलं. यंत्र अंगावर लावताना कामगाराला जे वाचून दाखवतात ते. दोन वर्षांपूर्वी मीच ते नव्याने लिहिलंय. त्याची पहिली ओळ काय आहे सांगू? उपकरण नाजूक आहे, काळजीपूर्वक हाताळावे. बाबा, मीसुद्धा जपाच म्हणत आले! दगड कापणाऱ्याच्या घरात वाढले, सोळा वर्षं शिकले, आणि तो कागद कशासाठी आहे हे अंगावर घालणाऱ्या माणसाला आधी सांगायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मग तुम्हाला ते कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ज्याला जे सांगितलं ते त्याने मन लावून केलं, यात तुमचा गुन्हा तो कसला?

पत्रकाची पहिली ओळ मी आज बदलली. आता ती अशी आहे: हा कागद मळण्यासाठी आहे, त्याला मळू द्या.

पैलवानकाका मला खांद्यावर बसवून दगडांच्या ढिगाऱ्यावर न्यायचे. मला सगळं आठवतं. तुम्ही समितीपुढे यावं असं आता मी म्हणणार नाही. यायचं तर या, नाही यायचं तर नका येऊ. सूट राहिली तर मी दहा वर्षं थांबेन आणि पुन्हा भांडेन. मात्र जेवा. दोन घासांवर उठू नका.

रागावा, पण अंतर देऊ नका.

तुमची
फूटपट्टी

*

३ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

दहा वर्षं थांबशील म्हणे! थोरल्याच्या छातीने दहा वर्षं थांबायला हवं ना? मी येतोय.

आठ दिवस माझं मन ठिकाणावर नव्हतं हे खरं आहे. आधी वाटलं की आपण माणसं मारली. मग तुझं पत्र वाचलं, आणि वाटलं की नाही, आपण फक्त कागद वाचवला. पण वाचवला तो वाचवलाच, आणि त्या कागदाच्या जिवावर बावीस वर्षं आमची गल्ली धूळ खातेय. आता ते मी नाही निस्तरायचं तर कुणी? आम्ही अकराजण होतो, त्यातले चौघे उरलोय. बाकीच्या तिघांना भेटून आलो. तिघांनाही घडी आठवते. एकाला तर मी रागावलो होतो म्हणे, दोरा सैल बांधला म्हणून!

तरी नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? वकील म्हणेल की म्हातारा बरळतोय. मी मुकादम होतो बाई. खराब नग नाकारायचा तर त्याच्या शेजारी चांगला नग ठेवून दाखवायचा, ही आमची पद्धत. तेव्हा दोन यंत्रं पाठव. दोन्ही थोरल्याच्या अंगावर चढवू, एक डाव्या खांद्याला नि एक उजव्या. एक उघडं आणि दुसऱ्याला माझा रुमाल, तीच घडी, तोच दोरा. एकच माणूस, एकच दिवस, एकच धूळ. मग कळेल कोण बरळतोय.

एक अट आहे. तू यात कुठेही हात लावायचा नाहीस. यंत्र लावायला दुसऱ्या कुणाला पाठव, वजनही दुसऱ्याने करावं, सुनावणीत तू मागे बस. बापलेकीने मिळून रचलं असं कुणी म्हणता कामा नये. थोरल्याच्या कारखान्याच्या मालकांशी मी बोललो. आधी ते कुरकुरले, मग त्यांनाच खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले की करा काय करायचं ते. थोरला म्हणतो की दोन यंत्रं लावून मी नवरदेवासारखा दिसेन. त्याची हौस राहिली होतीच.

आज पोटभर जेवलो. तुझी आई तुझ्यावर खूश आहे, मीही आहे. हे असंच चालू दे.

तुझा
बाबा

*

२२ मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव, आणि मध्येमध्ये आपले शेरे मारू नकोस. काल आपण जिंकलो! पुढचं सावकाश वाच.

तुझ्या बहिणीच्या खोलीत मी पलंगावर आणि ती जमिनीवर. ऐकत नाही. सकाळी मला इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशातला रुमाल तीनदा तपासला. सभागृहात लांबलचक टेबल होतं आणि गोल फिरणाऱ्या खुर्च्या. मी बसलो तर माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून थांबली. सुरुवातच अशी. फूटपट्टी पार मागच्या रांगेत, तोंड आवळून बसलेली. तिच्या मोठ्या बाईंनी आधीच उभं राहून सांगितलं की साक्षीदार आमच्या अधिकाऱ्याचे वडील आहेत, म्हणून यंत्रं लावणं आणि वजन करणं दोन्ही बाहेरच्या प्रयोगशाळेने केलंय. वकिलाने मान डोलावली. त्याच्याकडे दोन चष्मे होते, एक नाकावर आणि एक कपाळावर.

मी जे घडलं ते सांगितलं. लाजलो नाही, लपवलं नाही. मग वकील उठला आणि भराभर बोलायला लागला. मला नुसते ओठ हलताना दिसत होते. मी हात वर केला आणि म्हणालो की साहेब, माझे कान ग्राइंडरने खाल्लेत, प्रश्न लिहून द्या. अध्यक्ष म्हणाले की लिहून द्या. झालं! अरे, तोंडाने विचारताना जो प्रश्न सुरीसारखा वाटतो ना, तो कागदावर उतरवायला बसलं की लिहिणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. पहिल्या कागदावर होतं की तुम्ही या विषयातले तज्ज्ञ आहात काय? मी म्हटलं, नाही, हे थोरले साहेब मोजत होते ती धूळ मी खात होतो. दुसऱ्यावर होतं की बावीस वर्षांपूर्वी रुमाल कसा बांधला ते तुम्हाला आज कसं आठवेल? मी रुमाल काढला, डोळे मिटले आणि घडी करून दाखवली. दोरासुद्धा आवळला. डोळे उघडले तर सगळे माझ्या हातांकडे बघत होते. तिसरा प्रश्न त्याने लिहिला, खोडला, परत लिहिला, आणि मग तो कागद घडी करून आपल्याच खिशात ठेवला. आपल्या फूटपट्टीने मागे तोंडावर हात दाबला होता, मी बघितलं.

मग थोरल्या साहेबांनी प्रयोगशाळेचा लिफाफा मागितला. पिकून पांढरे झालेत आता, पण मी लगेच ओळखलं. लिफाफा त्यांनी स्वतः फोडला. तुझ्या डाव्या खांद्यावरचा उघडा कागद मर्यादेच्या सातपट. आणि उजव्या खांद्यावरचा, माझ्या रुमालातला, पाचव्या हिश्श्याहून जरासा कमी. साहेबांनी आपला जुना अहवाल उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं, परत नव्या आकड्यावर ठेवलं. असं दोनदा केलं. तेच ते! बावीस वर्षांनी तोच आकडा!

साहेब उभे राहिले आणि म्हणाले की माझे आकडे बरोबर होते, पण ते रुमालाच्या आतल्या हवेचे होते. बाहेरच्या हवेत माणसं होती. हा अहवाल मी मागे घेतो, आणि सूट याच अहवालावर उभी असल्यामुळे तीही जावी असं माझं मत नोंदवा. हे मला बाजूच्या बाईंनी शब्दन् शब्द लिहून दाखवलं, तो कागद मी आणतोय. मग मत घेतलं. सगळे हात वर. अध्यक्षांनी विचारलं की तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? मी म्हटलं की त्या अकरांतले सातजण आज नाहीत, त्यांनीही यंत्र फार जपलं होतं, एवढं लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. पैलवानाचं नावसुद्धा विचारून घेतलं, सगळं, बापाच्या नावासकट.

बाहेर चहा होता. थोरले साहेब माझ्याकडे आले, माझ्याच हातातला कागद घेतला आणि त्यावर लिहिलं की मुकादम, जपा असं मी म्हणालो होतो, चूक माझी आहे. मी त्याखाली लिहिलं की अर्धी माझी आहे, आणि चहा गार होतोय. ते वाचून त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. बराच वेळ माझा हात धरून उभे होते.

तू म्हणाला होतास ना की लोक हसतील? कुणी हसलं नाही रे. उलट निघताना त्या दोन चष्मेवाल्यानेही हात मिळवला. दोन दिवसांत येतो. मी येईपर्यंत काळा दगड कापू नकोस, आणि आईला म्हणावं की या खेपेला मी आठ दिवस नाही, आठ महिने ऐकवणार आहे. दोघंही मला सांभाळून घ्या.

तुझा
बाबा

*

९ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सही झाली! आज सकाळी राजपत्रात छापून आलं, प्रत सोबत पाठवतेय. पान चार, कलम सात: कामगारांची संख्या कितीही असो. बाबा, हे चार शब्द छापून आणायला मला सहा वर्षं लागली. मोठ्या बाईंनी ते अख्ख्या खात्याला वाचून दाखवले आणि नंतर स्वच्छतागृहात जाऊन रडल्या. मला माहीत आहे, कारण शेजारच्या कप्प्यात मी होते.

आता पान नऊ उघडा. मोजणीच्या सूचना. पहिली ओळ, हा कागद मळण्यासाठी आहे, त्याला मळू द्या. दुसरी ओळ, डबीवर रुमाल अथवा कोणतेही कापड गुंडाळू नये. बघितलंत? सरकारी राजपत्रात तुमचा रुमाल! मास्तरांना नक्की दाखवा.

लहान कारखान्यांना सहा महिन्यांची मुदत आहे. पाण्याची जोडणी कशी करायची ते शिकवायला आमची माणसं गल्लीगल्लीत जाणार आहेत. दादाला सांगा, गमबूट घेऊन ठेव. त्याला म्हणावं, तुझ्यावर मी अजून रागावलेली नाही, पण पुढच्या वेळी असं लांब पत्र वर्षातून दोनदा तरी लिही.

तुमचा अभिमान कुठे ठेवू तेच कळत नाही. असाच हात पाठीवर राहू द्या.

तुमची
फूटपट्टी

*

२८ सप्टेंबर

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

मुदत नोव्हेंबरपर्यंत होती, पण आपल्या मालकांनी सगळ्या गल्लीच्या आधी पाणी जोडलं. आता ते स्वतः नवीन माणसाला ओरडतात की नळ उघडल्याशिवाय कटरला हात लावशील तर बघ. थोरला दिवसभर गमबूट घालून चिखलात उभा असतो आणि घरी येऊन तुझ्या नावाने खडे फोडतो. पण खोकला उतरलाय. परवा नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले की डाग जिथे होता तिथेच आहे, पुढे सरकलेला नाही. तुझ्या आईने तो फोटो दाराशी उजेडात धरून बघितला, तिला काय कळलं कोण जाणे, पण समाधान झालं.

तुमच्याकडची मोजणीवाली मुलगी गुरुवारी आली होती. मी सकाळीच जाऊन बसलो. तिने थोरल्याला यंत्र लावलं, आणि जपा असं एकदाही म्हणाली नाही. पत्रकातली पहिली ओळ मोठ्याने वाचली, वर हा कागद म्हणजे तुमचं नाक समजा असंही सांगितलं. शहाणी आहे. डबी कॉलरला नीट बाहेर बसलीय की नाही ते मी स्वतः हात लावून बघितलं, तिच्या परवानगीने. मग दिवसभर एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. अगं, त्या कारखान्यात मी चाळीस वर्षं काढली, पण मागच्या भिंतीला निळा रंग आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी तिने डबी काढली. झाकण पारदर्शक असतं ना, आत कागद दिसतो. पांढरा! कडेला जराशी राखाडी झाक, बाकी पांढरा. मी तडक थोरल्याकडे गेलो आणि सगळ्यांदेखत त्याचे खिसे तपासले. कॉलर उलटी करून बघितली. तो म्हणाला की बाबा, काय शोधताय? मी म्हटलं, रुमाल. तो हसायला लागला, म्हणाला की माझ्याकडे रुमाल आहेच कुठे, तुम्ही सगळे उचलून नेलेत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की कुणीच काही झाकलेलं नव्हतं. डबी दिवसभर उघडी होती, थोरल्याचं नाकही उघडं होतं, आणि कागद पांढरा होता.

आकडा तुला माझ्याआधी कळला असेल, तो तू ठेव. मला कागद बघायला मिळाला, माझं तेवढ्याने भागलं. मी म्हटलं, पैलवान, बघ रे. मोठ्यानेच म्हणालो बहुतेक, कारण सगळ्यांनी कटर बंद केले. रुमाल माझ्या खिशातच होता. तो काढला, घडी मोडली आणि डोळ्यांना लावला.

सुट्टी मिळाली की ये. येताना राजपत्राची आणखी एक प्रत आण, आधीची मास्तरांनी परत केली नाही. आमच्या घरात तुझी जागा मोजून ठेवली आहे, तिच्यात बोटभरही फरक पडायचा नाही.

तुझा
बाबा